फ्रँकफर्टच्या कामाला जोडून जानेवारीत कोपनहेगनचे चार दिवस : दोघांचे पंचाहत्तर हजारांत जमेल का?

प्रश्न : अक्कलकोट रोड

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्यात निर्यातीचे काम पाहतो. फ्रँकफर्टला दर वर्षी जानेवारीत घरगुती कापडाचे 'हाइमटेक्स्टिल' हे मोठे प्रदर्शन भरते आणि नमुन्यांच्या बॅगा घेऊन तेथे जाण्याची पाळी येत्या जानेवारीत तिसऱ्यांदा माझ्यावर येत आहे. आधीच्या दोन्ही वेळा विमानतळ, हॉटेल आणि प्रदर्शनाचे दालन यांपलीकडे मी युरोप पाहिला नाही, आणि गेल्या वेळी तर त्यापायी सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळाही चुकला, याची चुटपुट आजही आहे. म्हणून या वेळी मालकांकडून प्रदर्शनानंतरच्या चार दिवसांची रजा मागून घेतली असून पत्नीलाही बरोबर नेण्याचा विचार आहे.

कोपनहेगनच का, असे घरी सर्वांनी विचारले. आमच्याकडून टॉवेल घेणारे एक डॅनिश गृहस्थ दर वर्षी बोलता बोलता "एकदा आमच्या गावी या" असे म्हणतात, एवढेच त्याचे कारण आहे. त्यांच्या घरी उतरण्याचा प्रश्न नाही आणि तशी माझी इच्छाही नाही, कारण गिऱ्हाइकाचे पाहुणे झाले की पुढच्या वर्षी भावाची बोलणी अवघड होतात.

माझे जाण्यायेण्याचे तिकीट कंपनी काढते. पत्नीचे तिकीट मी वेगळ्या बचतीतून काढणार आहे. विमानभाडे आणि व्हिसा सोडून कोपनहेगनमधील चार रात्रींसाठी दोघांचे मिळून पंचाहत्तर हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. येथील एका प्रवास कंपनीत सहज विचारणा केली तेव्हा त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही दोघेही चहा न पिताच बाहेर पडलो. आम्ही दोघे शाकाहारी असून अंडीही खात नाही. थंडीची सवय म्हणाल तर सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालण्याइतकीच आहे. जानेवारीत तेथे जाणे शहाणपणाचे आहे का, कोठे उतरावे, जर्मनीच्या व्हिसावर डेन्मार्कला जाता येते का आणि या रकमेत पोटभर जेवून परत येता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : लष्करची लेक

दादा, मी सोलापूरच्या लष्कर भागातली. शिक्षणासाठी कोपनहेगनमध्ये दोन वर्षे राहिले आणि दोन्ही जानेवारी हात आखडूनच काढले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी उजेडाबद्दल. जानेवारीच्या मध्यावर तेथे सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी सव्वाचारच्या आत मावळतो, त्यामुळे बाहेर फिरण्याचा दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा मिळतो. तापमान शून्य ते चार अंशांच्या आसपास असते, परंतु खरा त्रास त्या आकड्याचा नसून समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याचा असतो. चित्रातल्यासारखे पांढरेशुभ्र बर्फ दिसेलच असे नाही, बहुतेक दिवस राखाडी आभाळ आणि भुरभुर पाऊसच वाट्याला येतो. १८४३ पासून चालू असलेली तिवोली बाग नाताळचा हंगाम आटोपला की काही आठवडे बंद असते, हेही आधीच सांगून ठेवते. या बदल्यात खोली स्वस्त मिळते. त्या शहरात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खोलीचाच असतो आणि उन्हाळ्यात ज्या दराकडे पाहवतही नाही, तो जानेवारीच्या मधल्या आठवड्यांत बराच खाली येतो. तुमच्या रकमेत जमायचे असेल तर जानेवारीसारखा महिना नाही, असे माझे मत आहे. फक्त सकाळी साडेआठला दाराबाहेर पडण्याची तयारी हवी. दहा वाजता न्याहारी करणाऱ्याला त्या शहरात जानेवारीत काहीच दिसत नाही.

आता हिशेब. डेन्मार्क युरोपीय संघात असले तरी तेथे युरो चालत नाही, क्रोन चालतो. मात्र क्रोनचा दर युरोशी बांधलेला असून एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन पडतात. युरो १०५ रुपयांचा धरला तर क्रोन १४ रुपयांना पडतो, म्हणून डोक्यात १४ चा पाढा तयार ठेवा. मूल्यवर्धित कर २५ टक्के आहे आणि अन्नधान्यालाही त्यात सूट नाही. हॉटेलातील जेवण महाग असण्याचे एक कारण हा कर आहे आणि दुसरे म्हणजे वाढणाऱ्याचा पगार. त्यामुळे टीप ठेवण्याची पद्धत मात्र नाही. होस्टेलमधील दोघांची स्वतंत्र खोली जानेवारीत साधारण ७०० क्रोन धरली तर चार रात्रींचे २,८०० होतात. एक वेळ स्वतः करून आणि एक वेळ बाहेर स्वस्तात खाल्ले तर दोघांना दिवसाला ३०० क्रोन पुरतात, म्हणजे चार दिवसांचे १,२००. शहरातील प्रवासाला दोघांचे ६०० आणि प्रवेश शुल्कांना ६०० ठेवले तर बेरीज ५,२०० क्रोनवर जाते, म्हणजे सुमारे ७३ हजार रुपये झाले. रक्कम पुरते, पण वर उरते फार थोडे, म्हणून खोली आत्ताच पाहून ठेवा. विनामूल्य रद्द करता येणारे आरक्षण घेतलेत तर व्हिसा नाकारला गेला तरी पैसे बुडणार नाहीत.

खोली घेताना तीन गोष्टी पाहा : सामाईक स्वयंपाकघर आहे का, मेट्रोचे स्थानक चालत किती दूर आहे, आणि चादर-टॉवेलचे वेगळे पैसे पडतात का. तिसऱ्या मुद्द्यावर सोलापूरच्या माणसाला काय सांगावे! तेथील बऱ्याच होस्टेलांत टॉवेल भाड्याने देतात आणि पहिल्या दिवशी मी तो मुकाट्याने घेतलाही होता. वडिलांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तुमच्या बॅगेत नमुन्यांचे टॉवेल असतीलच, त्यांपैकी दोन विकू नका.

जेवणाची चिंता करू नका. येथून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या. आठवडाभर टिकणारा, तापवावा न लागणारा आणि पोटाला आधार देणारा याहून चांगला शिधा मला तरी माहीत नाही. मात्र तूप, पेढे, खवा, पनीर असे दुधाचे काहीही बॅगेत टाकू नका, कारण युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबे हेही घरीच ठेवा. केळे, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन सोडून इतर ताज्या फळा-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. तेथे नेट्टो, लिडल, रेमा १००० अशी स्वस्त किराणा दुकाने जागोजागी आहेत. त्यांत राय (rye) या धान्याचा काळा पाव, घट्ट दही, टोमॅटो, काकडी आणि डबाबंद राजमा-चणे मिळतात. घट्ट दही आपल्या चक्क्याच्या जवळ जाते आणि त्यावर शेंगाची चटणी घातली की परदेशात असल्याचा विसर पडतो. चीझ घेताना मात्र वेष्टन वाचा, कारण काही प्रकारांत प्राण्यांपासून काढलेले रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, असते. बाहेर खायचे झाल्यास न्योरेब्रो भागातील फलाफलच्या दुकानांत भाजलेल्या किंवा तळलेल्या चण्याच्या वड्यांची पोळी साधारण ५० ते ७० क्रोनमध्ये मिळते. शहराच्या मध्यभागी कॉफीलाच ४५ क्रोन पडतात, म्हणजे सहाशे रुपये. तेव्हा थर्मास न्या. दिवसअखेर उरलेले पदार्थ स्वस्तात विकणारे 'टू गुड टू गो' हे ॲप कोपनहेगनमध्येच जन्मले, पण पिशवीत काय येईल हे आधी कळत नाही, म्हणून शाकाहारी माणसाने त्यातील फक्त बेकरी आणि भाजीपाल्याच्या पिशव्या घ्याव्यात. पाणी नळाचे प्यावे. बाटलीबंद पेय घेतलेच तर बाटलीवर एक ते तीन क्रोनची अनामत असते आणि ती दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते.

विमानतळावरून टॅक्सी करू नका. विमानतळाच्या इमारतीतूनच मेट्रोची एम २ ही मार्गिका निघते आणि पंधरा मिनिटांच्या आसपास शहराच्या मध्यावर सोडते. ही मेट्रो चालकाविना धावते आणि रात्रभरही चालू असते. विमानतळासह सारे मुख्य शहर पहिल्या चार विभागांत येते, तेवढ्याच विभागांचा २४ तासांपासून १२० तासांपर्यंतचा पास मिळतो आणि तो तुम्हाला पुरेसा आहे. त्याच पासावर बंदरातून फिरणारी पिवळी जलबसही चालते. पर्यटकांच्या नौकांना जे पैसे पडतात त्याच्या तुलनेत ही जलबस फुकटच म्हणायची, आणि दिसायचे ते सारे दिसते. ऐंशीहून अधिक ठिकाणांचा प्रवेश देणारे 'कोपनहेगन कार्ड' दिवसाला तीन-चार सशुल्क ठिकाणे झपाट्याने पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ते घेऊ नये, असे मी म्हणेन.

प्रदर्शन मंगळवार ते शुक्रवार असते, म्हणजे तुम्ही शनिवारी पोहोचणार आणि सोमवार मध्ये येणार. सोमवारी तेथील बहुतेक मोठी संग्रहालये बंद असतात, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचा एक दिवस वाया जातो. रविवारी छताखालची ठिकाणे पाहा. क्रिस्टियान्सबोर्ग या संसदेच्या राजवाड्याचा १०६ मीटर उंचीचा मनोरा चढायला पैसे पडत नाहीत आणि तेथून सारे शहर दिसते. तिकीट काढून एकच संग्रहालय पाहायचे असेल तर ग्लिप्टोटेक पाहा. मद्यनिर्मितीत पैसा कमावलेल्या कार्ल याकोब्सेन यांनी ते उभारले. आत काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची बाग आहे आणि बाहेर दोन अंश असताना तेथे बसून डबा आठवत राहतो. समुद्रकाठची जलपरीची मूर्तीही त्यांनीच १९१३ साली शहराला दिली. ती सव्वा मीटरची आहे. ती पाहायला म्हणून मुद्दाम गेलात तर निराश व्हाल, परंतु शेजारच्या कास्टेलेट या चांदणीच्या आकाराच्या किल्ल्याच्या तटावरून चालत गेलात तर ती वाटेत लागते आणि मग बरी वाटते. हा किल्ला, न्यूहाउनचा रंगीत धक्का, आमालिएनबोर्ग राजवाड्यापुढे दुपारी बारा वाजता होणारी पहारेबदल आणि न्योरेब्रोतील ॲसिस्टन्स दफनभूमी ही सारी सोमवारची, बिनपैशांची कामे आहेत. दफनभूमीत परीकथाकार अँडरसन आणि शास्त्रज्ञ नील्स बोर यांची थडगी आहेत आणि लोक तेथे बागेत फिरावे तसे फिरतात.

शेवटचे म्हणजे कार्ड. रोख रकमेची गरज जवळजवळ पडत नाही, परंतु कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत की क्रोनमध्ये" असा पर्याय आला तर नेहमी क्रोन निवडा. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून पहिल्या आठवड्यात एका दुकानात मी रुपये निवडले आणि त्या रूपांतराच्या दरात दोन दिवसांच्या भाजीचे पैसे घालवून बसले.

उत्तर : जुळे सोलापूर

व्हिसाबद्दल मी लिहितो, कारण निर्यातदारांची कागदपत्रे पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि नेमक्या अशाच जोडप्रवासात लोक घोटाळा करतात.

जर्मनी, डेन्मार्क आणि स्वीडन हे तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे जर्मनीने दिलेल्या एकवेळ प्रवेशाच्या व्हिसावरही फ्रँकफर्टहून कोपनहेगनला जाता येते. अर्ज ज्या देशात मुख्य काम किंवा सर्वांत मोठा मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. तुमचे काम प्रदर्शनाचे आणि मुक्कामही तेथेच अधिक, म्हणून तुमचा अर्ज जर्मनीकडे जाईल. सौभाग्यवतींचे मात्र दोन प्रकार संभवतात. त्या तुमच्याबरोबर आठवडाभर फ्रँकफर्टला राहणार असतील तर त्यांचाही अर्ज जर्मनीकडे करावा. त्या मुंबईहून थेट कोपनहेगनला येऊन तुम्हाला भेटणार असतील तर त्यांचे एकमेव गंतव्य डेन्मार्क ठरते आणि अर्ज डेन्मार्ककडेच गेला पाहिजे. एकाच घरातील दोन पारपत्रे दोन देशांकडे पाठवणे चुकीचे नाही, फक्त दोन्ही अर्जांतील तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

कोपनहेगनचे चार दिवस अर्जात आणि प्रवासक्रमात स्पष्ट लिहा, तेथील खोलीचे आरक्षणही जोडा. "प्रदर्शनाचाच व्हिसा घेऊ, मग पुढे जाऊ" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. प्रदर्शनापुरतेच दिवस मंजूर झाले तर कोपनहेगनच्या खोलीचे करायचे काय, हा प्रश्न मग उरतो. व्हिसावर राहण्याचे जेवढे दिवस लिहिलेले असतात त्यांत पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याखेरीज. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि साऱ्या शेंगेन क्षेत्राला लागू असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, परंतु नाताळची गर्दी पाहता तुम्ही ऑक्टोबरातच भेटीची वेळ घ्यावी.

आणखी एक सांगतो. कंपनीला मुंबई ते फ्रँकफर्ट आणि कोपनहेगन ते मुंबई असे मल्टी-सिटी तिकीट काढायला सांगा. दोन्ही शहरे एकाच तिकिटात बसली तर फ्रँकफर्टला परत येण्याचा खर्च आणि अर्धा दिवस वाचतो. भाड्यात फरक पडला तर तो तुम्ही भरतो म्हणालात की मालकही आडकाठी करणार नाहीत.

उत्तर : सात रस्ता

वरील ताईंनी मनापासून लिहिले आहे, तरीही जानेवारीचा आग्रह मला पटत नाही. मी जूनमध्ये गेलो होतो. रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि त्या उजेडात बंदराच्या काठावर नुसते बसून राहणे हाच तेथील खरा आनंद आहे. चार वाजता अंधार पडणाऱ्या शहरात आयुष्यातला एकदाच होणारा प्रवास करणे म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पाळणे बंद असताना जाण्यासारखे आहे. सहा महिने थांबून पत्नीसह वेगळे जावे, असे मी सुचवतो.

ते शक्य नसेल तर निदान कोपनहेगनमध्ये उतरू नका. समुद्राच्या पलीकडे स्वीडनचे मालमो शहर आहे. २००० साली झालेल्या ओरेसुंड पुलामुळे रेल्वेने चाळीस मिनिटांत जाता येते आणि तेथील हॉटेले स्वस्त आहेत. आम्ही तेथेच राहिलो आणि रोज पूल ओलांडून येत होतो.

प्रश्नकर्ता : अक्कलकोट रोड

सर्वांचे आभार. पत्नी माझ्याबरोबरच फ्रँकफर्टला येईल असे ठरवले आहे, म्हणजे दोघांचे अर्ज एकाच ठिकाणी जातील आणि तिच्या मुक्कामाचा तेथील वेगळा खर्चही येणार नाही, कारण खोली कंपनीची आहे. जूनचा सल्ला पटतो, पण जूनमध्ये माझे विमानभाडे मला कोण देणार? फुकटचे अर्धे तिकीट जानेवारीतच मिळते. मालमोचा पर्याय मात्र आकर्षक वाटतो. त्यात काही गोम आहे का? तसेच फ्रँकफर्टहून रेल्वेने जाणे स्वस्त पडेल का?

उत्तर : लष्करची लेक

मालमोचा हिशेब मांडून पाहा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल. पुलावरून एका बाजूचे भाडे माणशी शंभर डॅनिश क्रोनच्या आसपास पडते. दोघांचे जाऊन-येऊन दिवसाला चारशे झाले. खोलीत रात्रीमागे चारशेहून अधिक वाचत असतील तरच त्या धडपडीला अर्थ आहे आणि जानेवारीत दोन्ही शहरांच्या दरांत एवढा फरक मला तरी दिसला नाही. शिवाय पावणेआठ तासांच्या उजेडातून दीड तास रोज रेल्वेत जातो, स्वीडनमध्ये शिरताना पारपत्र तपासले जाऊ शकते, आणि स्वीडिश क्रोना हे चलन वेगळे असल्यामुळे डोक्यातला १४ चा पाढाही बदलावा लागतो. सात रस्ता दादांचे जूनमध्ये जमले, कारण जूनमध्ये कोपनहेगनच्या खोल्या परवडतच नाहीत आणि दिवसही संपता संपत नाही. तुम्हाला मालमो पाहायचेच असेल तर सोमवारी एक फेरी करा, मुक्काम नको.

रेल्वेचे म्हणाल तर फ्रँकफर्टहून हँबुर्गमार्गे जावे लागते आणि सारा दिवस त्यात संपतो. पूर्वी ही गाडी जहाजात चढून समुद्र ओलांडत असे, परंतु २०१९ च्या अखेरीस तो मार्ग बंद झाला आणि आता गाडी वळसा घालून पुलांवरून येते. लवकर काढलेले तिकीट स्वस्त मिळू शकते हे खरे, पण चारांतला एक दिवस देऊन ते घेऊ नये. विमानाला दीड तास लागतो. फक्त त्या छोट्या विमानप्रवासात बॅगेचे वेगळे पैसे पडतात का ते पाहा आणि नमुने शक्य तितके गिऱ्हाइकांनाच वाटून हलके व्हा.

कपड्यांसाठी येथे फार खर्च करू नका. आतून घालायचे थर्मलचे दोन जोड, वारा अडवणारे एक जाकीट, कानटोपी आणि न घसरणारे बूट एवढे पुरे. लोकरी स्वेटर कमी पडला तर तेथे रेड क्रॉससारख्या संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने आहेत. त्यांत चांगल्या लोकरीचे स्वेटर थोडक्या पैशांत मिळतात आणि असे कपडे घेण्यात तेथे कोणाला कमीपणा वाटत नाही.

उत्तर : भुईकोट

मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. मुलीकडे गेलो असताना आठवडाभर कोपनहेगनला होतो. खर्चाविषयी वर पुरेसे आले आहे, म्हणून त्यात न आलेल्या एका विनामूल्य ठिकाणाबद्दल लिहितो.

कोंगेन्स हावे या राजोद्यानासमोर 'डेव्हिड संग्रह' नावाचे संग्रहालय आहे. क. ल. डेव्हिड नावाच्या एका वकिलाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून ते उभे राहिले. त्यातील इस्लामी कलेचे दालन युरोपातील उत्तम संग्रहांत गणले जाते आणि प्रवेशाला एक पैसाही पडत नाही. तेथे भारतातील, त्यातही आपल्या दख्खनमधील लघुचित्रे आहेत. विजापूर आपल्यापासून किती जवळ, सोलापूरचा भुईकोट बहमनींचा आणि पुढे आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीतला, आणि त्या दरबारांच्या काळाची चित्रे पाहायला मी उत्तर समुद्राच्या बाजूला गेलो, याचे मला त्या दिवशी हसू आले. सोमवारी तेही बंद असते. दालने अंधूक ठेवलेली आहेत, तेव्हा वाचण्याचा चष्मा विसरू नये.

दुसरे असे की, डेन्मार्कचा आणि आपला संबंध टॉवेलांपासून सुरू होत नाही. चौथ्या क्रिस्टियान राजाच्या काळात १६१६ साली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि १६२० मध्ये तंजावरच्या नायकाकडून त्यांनी तरंगमबाडी, म्हणजे त्यांचे 'त्रांकेबार', मिळवले. ते १८४५ मध्ये इंग्रजांना विकेपर्यंत त्यांच्याकडे होते. मधल्या काळात तंजावरला मराठ्यांचे राज्य आले, तेव्हा हे डॅनिश आपल्या भोसल्यांचे शेजारी झाले. दुसऱ्या सरफोजीराजांवर ज्यांचे संस्कार झाले ते श्वार्ट्झ हे धर्मोपदेशक १७५० साली भारतात उतरले ते या त्रांकेबारलाच. त्याच चौथ्या क्रिस्टियानने बांधलेला रुंडेटोर्न हा गोल मनोरा १६४२ मध्ये पुरा झाला. त्याला पायऱ्या जवळजवळ नाहीत, दोनशे मीटरहून लांब फरसबंद वळणदार चढण आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यालाही वर जाता येते. प्रवेश शुल्क अल्प असून तो सोमवारीही उघडा असतो. त्याच राजाने बांधलेली जुनी शेअर बाजाराची इमारत, जिच्या मनोऱ्यावर चार ड्रॅगनांच्या शेपट्या गुंफलेल्या होत्या, ती १६ एप्रिल २०२४ च्या आगीत निम्मी जळाली आणि तिचे पुनर्बांधकाम हाती घेतले आहे. मी ती आगीपूर्वी पाहिली होती. क्रिस्टियान्सबोर्गच्या मनोऱ्याकडे जाताना ती शेजारीच लागते, तेव्हा पाच मिनिटे थांबून काम कोठवर आले ते पाहावे.

प्रश्नकर्ता : अक्कलकोट रोड

गुरुजी, तंजावरचा संबंध मला ठाऊक नव्हता. त्या डॅनिश गिऱ्हाइकापुढे तो काढीन, निदान भावाच्या बोलणीआधी दहा मिनिटे गोड जातील. काल मालकांशी बोलणे झाले असून मल्टी-सिटी तिकिटाला त्यांनी होकार दिला आहे. न्योरेब्रोमध्ये स्वयंपाकघर असलेल्या एका होस्टेलात चार रात्रींची खोली २,७०० क्रोनमध्ये, रद्द करता येईल अशी घेऊन ठेवली. टॉवेल आणि चादरीचे पैसे वेगळे आहेत, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. एकच शंका राहिली : कडक भाकरी विमानाच्या सामानात टिकते का, की चुरा होतो?

उत्तर : लष्करची लेक

स्टीलच्या गोल डब्यात, भाकरीच्या मापाच्या, वर-खाली टॉवेलची घडी घालून ठेवा. माझ्या दोन फेऱ्यांत दोनच भाकरी मोडल्या. त्यांचा चुरा तेथील दह्यात कालवून वर चटणी घातली, तेव्हा होस्टेलातल्या स्वयंपाकघरात शेजारी उभ्या असलेल्या पोलिश मुलीने हे कोठे विकत मिळते असे विचारले होते. डबा हातातल्या बॅगेत ठेवा आणि चटणी कोरडीच न्या. तेल घालायचे असेल तर तेथे जाऊन घाला.